बळी तो कान पिळी : हा कायदा केला कोणी?

समतेचा विषय निघाला की विषमतेचे समर्थक हमखास निसर्गाला साक्षीला उभे करतात. 'बळी तो कान पिळी हा निसर्गाचाच कायदा, डार्विनने तो सिद्ध केलाय, तुमच्या सवलती निसर्गाच्या विरुद्ध!' हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. साक्षीदार कितीही मोठा असो, त्याची उलटतपासणी व्हायलाच हवी.

'सर्वात लायक तोच टिकतो' हे शब्द मुळात डार्विनचे नव्हेतच. १८६४ साली ते हर्बर्ट स्पेन्सरने वापरले, डार्विनने ते १८६९ च्या आवृत्तीत घेतले. शिवाय लायक म्हणजे परिस्थितीला अनुरूप, दांडगा नव्हे! ज्या समूहात एकमेकांविषयी सहानुभूती अधिक तो अधिक भरभराटतो, असे १८७१ साली डार्विननेच लिहिले. एवढे मात्र सोयीस्करपणे कोणी सांगत नाही.

आता मध्य व दक्षिण अमेरिकेतले रक्त पिणारे वटवाघूळ पाहा. दोन-तीन रात्री पोटात काही गेले नाही तर ते मरते. अशा वेळी पोट भरलेले वटवाघूळ आपण प्यालेले रक्त ओकून उपाशी सोबत्याच्या तोंडात घालते. कोस्टारिकातील ही निरीक्षणे जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. भाऊबंदकी असेल, अशी शंका होतीच. पण २०१३ साली त्यांनी व जेराल्ड कार्टर यांनी पाळलेल्या वटवाघळांच्या अभ्यासातून दाखवले की, कोण कोणाला भरवणार हे ठरण्यात नात्यापेक्षा आधी मिळालेल्या मदतीचे वजन साडेआठ पट आहे. २०२० च्या अभ्यासात तर पनामातल्या दोन दूरच्या ठिकाणांच्या अनोळखी वटवाघळांना एकत्र ठेवले होते. लगेच कोणी कोणाला रक्त दिले नाही. आधी एकमेकींचे अंग चाटून साफ करणे वाढत गेले, मग काही जणींनी उपाशी परकीला घास भरवला. सोयरीक नाही, तरी पंगत!

विरुद्ध पक्ष म्हणेल, मुंग्यांचे काय? खरे आहे. पॉलिएर्गस जातीच्या मुंग्या दुसऱ्या जातीच्या वारुळावर धाड घालून कोष पळवतात आणि त्यातून निघालेल्या मुंग्यांना आयुष्यभर राबवतात. त्यांच्याशिवाय या धाडखोरांना स्वतःला खाताही येत नाही. म्हणूनच आमचा दावा वटवाघळावर उभा नाही, तो संविधानाच्या अनुच्छेद १४ वर उभा आहे. माणसाला नियम करता येतात.

नियमाने काय होते, हे अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅख्टर यांनी २००२ साली झुरिकच्या २४० विद्यार्थ्यांवर तपासले. चौघांचा गट, प्रत्येकाने सामाईक पेटीत आपल्या मर्जीने पैसे टाकायचे, वाटणी मात्र सर्वांना सारखी, न टाकणाऱ्यालाही. दंडाची सोय नव्हती तेव्हा वर्गणी फेरीगणिक घटत गेली. सोय झाल्यावर ती वाढली. दंड करायचा तर स्वतःचेही पैसे जात होते, आणि गट दर फेरीला बदलत असल्याने त्याचा लाभ पुढे भलत्यालाच होणार होता. तरीही मुलांनी पदरमोड करून फुकट्यांना दंड केला.