नवजाताच्या पहिल्या मोटारप्रवासाची तजवीज

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा शिरस्ता नोकरीच्या आणि इस्पितळांच्या सोयीने बंगळुरातील मराठी कुटुंबांत आता पुष्कळ सैल झाला असला, तरी तो अजून मोडलेला नाही. आणि त्यामुळे या शहरातील कितीतरी मराठी बालकांचा पहिला मोठा प्रवास इस्पितळापासून घरापर्यंतचा नसतो, तर हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर ही गावे मागे टाकीत राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून होणारा, बेळगावाहून निघाले तर सुमारे ५०० किलोमीटरांचा आणि पुण्याहून निघाले तर ८०० किलोमीटरांहूनही अधिक अंतराचा असतो. या प्रवासाच्या सामानात झबली, टोपरी, कुंची, दुपटी, बाळगुटीचे सामान, इतकेच काय पण काजळाची डबीसुद्धा आठवणीने ठेवलेली असते. मूल बसवायचे कोठे, या प्रश्नाचा मात्र कोणी विचारच केलेला नसतो, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते: आजीच्या मांडीवर.

या मांडीविषयी आदर राखूनच थोडे गणित मांडावे लागते. ताशी ४० किलोमीटर, म्हणजे महामार्गाच्या मानाने अगदी बेताच्या वेगाने चाललेली मोटार एखाद्या उभ्या मालमोटारीवर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर साडेतीन किलो वजनाचे मूल त्या क्षणी सुमारे ४० किलोंच्या जोराने पुढे ओढले जाते. इतका भार, तोही पूर्वसूचनेवाचून, दोन हातांत धरून ठेवणे कोणत्याही आजीला, आईला किंवा तालमीत वाढलेल्या मामालाही शक्य नाही. ज्याने मूल घेतले त्याने स्वतः पट्टा लावला नसेल, तर त्याचाच देह मुलावर आदळतो. आणि एकच पट्टा दोघांभोवती घेतला, तर मूल त्या पट्ट्यात आणि मोठ्या माणसाच्या देहात चिरडले जाते. प्रेमाचा अभाव येथे कोठेच नाही. अभाव आहे तो स्नायूंच्या सामर्थ्याचा.

बंगळूरकर यावर एक हरकत घेतात आणि ती वरवर पाहता बिनतोड आहे. ज्या शहरात मोटारी चालत नाहीत, सरपटतात, तेथे अपघाताची एवढी धास्ती कशाला? टॉमटॉम या कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत बंगळुराच्या मध्यवर्ती भागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे लागत असल्याचे आढळले होते, आणि सिल्क बोर्डाच्या चौकात संध्याकाळ घालवलेल्या माणसाला तो आकडा उदारच वाटेल. परंतु हाच सिल्क बोर्डाचा चौक ओलांडून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उन्नत मार्गावर चढताच किंवा देवनहळ्ळीच्या विमानतळावरून मध्यरात्री शहराकडे परतताना तीच मोटार निर्धास्तपणे ताशी ८० चा वेग गाठते, आणि २०२३ साली खुला झालेल्या म्हैसूरच्या द्रुतगती मार्गावर तर त्याहूनही अधिक. कोंडीमुळे जडलेली बेफिकिरी मोकळ्या रस्त्यावर आपोआप उतरत नाही, हे या शहराचे खास संकट आहे.

आता प्रत्यक्ष आसनाकडे वळू. नवजातासाठी निवड करताना पहिली अट, जिला अपवाद नाही ती, अशी की मुलाचे तोंड मोटारीच्या मागच्या काचेकडे असले पाहिजे. नवजाताचे डोके त्याच्या एकंदर लांबीच्या जवळजवळ चतुर्थांश असते, प्रौढाचे अष्टमांश. शिवाय त्याच्या मानेचे मणके अद्याप पुरते अस्थिरूप झालेले नसतात. पुढे तोंड करून बसवलेल्या तान्ह्या मुलाचे धड टकरीच्या वेळी पट्ट्यांनी जागीच रोखले जाते आणि ते जड डोके मात्र कोवळ्या मानेवर पुढे फेकले जाते. मागे तोंड असले तर तोच आघात डोके, मान आणि पाठ यांवर एकत्र विभागून आसनाच्या कवचात जिरतो. प्रक्षेपणाच्या वेळी अंतराळवीर पाठीवर निजून तो प्रचंड भार अंगावर घेतात, हे पाहून स्वीडनचे संशोधक बर्टील आल्डमन यांना ही कल्पना सुचली, आणि १९६४ च्या सुमारास व्होल्वो मोटारीत तिचे पहिले प्रयोग झाले. युरोपातील आर-१२९ या नव्या नियमाने तर १५ महिने पुरे होईपर्यंत मुलाचे तोंड मागेच ठेवणे बंधनकारक केले आहे. त्यानंतरही आसनाची मर्यादा असेपर्यंत ते तसेच ठेवावे असा जाणत्या बालरोगतज्ज्ञांचा आग्रह असतो.

आपल्याकडील कायदा या बाबतीत काहीसा मोघम आहे. मोटार वाहन कायद्याच्या, १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या १९४-ब या कलमान्वये १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्ट्याने किंवा बालकांसाठीच्या बंधन-व्यवस्थेने बांधले नसेल, तर १,००० रुपये दंड सांगितला आहे. परंतु त्या ‘किंवा’मुळे अनेकांनी सोयीचा अर्थ लावला. वास्तविक नवजाताला मोठ्यांचा पट्टा लागूच पडत नाही, तेव्हा त्याच्यापुरता दुसरा पर्याय हाच एकमेव उरतो. दंड वसूल होताना कोणी सहसा पाहिला नसेल; पण दंडासाठी आसन घ्यायचे असेल, तर न घेतलेलेच बरे.

दुकानात दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. एक मुठीचा, परडीसारखा उचलून नेता येणारा, साधारण जन्मापासून १३ किलोंपर्यंतचा. दुसरा मोटारीतच कायम राहणारा, जो आधी मागे आणि पुढे कधीतरी समोर तोंड करून लावता येतो. दुसरा अधिक काळ पुरतो, म्हणून विक्रेते तोच पुढे करतात. माझे मत पहिल्याकडे झुकते, कारण नवजाताच्या इवल्याशा देहाला तो नेमका बसतो आणि झोपलेले मूल न उठवता घरात आणता येते. आसनावर एआयएस-०७२, आर-४४ किंवा आर-१२९ यांपैकी एखाद्या मानकाचा दाखला छापलेला आहे की नाही, हे कापडाचा रंग पाहण्यापूर्वी पाहावे. किमती काही हजारांपासून मोटारीच्या हप्त्याला लाजवतील इतक्या असतात, पण महाग आसन सैल बांधले तर घट्ट बांधलेल्या स्वस्त आसनाच्या तोडीचेही राहत नाही.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आसन आपल्या मोटारीत लावून पाहण्याची मुभा मागावी. न देणाऱ्या दुकानातून काढता पाय घ्यावा. छोट्या मोटारीत मागे तोंड केलेले आसन बसवले की पुढची सीट इतकी सरकवावी लागते, की तेथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. काही मोटारींत पट्टा आसनाभोवती फिरून बक्कलपर्यंत पोहोचतच नाही. मागच्या सीटचा मध्यभाग उत्तम खरा, पण अनेक जुन्या मोटारींत तेथे फक्त कमरेचा पट्टा असतो आणि तो बहुतेक आसनांना चालत नाही. मग डावी बाजू घ्यावी, कारण आपल्याकडे पदपथ डावीकडे असतो आणि मूल रहदारीच्या तोंडाशी न उभे राहता आत ठेवता येते. सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतील, तर आसन त्यांत अडकवताना चुकीला वाव कमी राहतो. आणि पुढच्या सीटवर, जिच्यासमोर चालू स्थितीतील एअरबॅग आहे अशा जागी, मागे तोंड केलेले आसन कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग आसनाच्या पाठीवर, म्हणजेच मुलाच्या डोक्यामागे, आदळते.

बांधण्याची रीतही शिकावी लागते. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, आणि गळपट्टीच्या हाडापाशी पट्ट्याची उभी चिमूट बोटांत येता कामा नये. येथेच मराठी घराची खरी परीक्षा होते. दुपट्यात घट्ट गुंडाळलेले मूल तसेच आसनात ठेवले, तर पट्टे त्याला न धरता दुपट्याला धरतात. आधी मूल बांधावे, मग दुपटे वरून पांघरावे. गारठ्याची काळजी तेवढ्याने मिटते. पाठ इतकी मागे झुकलेली हवी की हनुवटी छातीवर टेकणार नाही, कारण तशा अवस्थेत तान्ह्या मुलाची श्वासनलिका दुमडते. याच कारणास्तव पहिल्या काही आठवड्यांत सलग अर्ध्या तासाहून अधिक काळ मुलाला आसनात ठेवू नये असे सांगतात, आणि ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्यावाचून निघूच नये. माहेराहून निघणाऱ्या मंडळींनी याचा अर्थ लक्षात घ्यावा: आणखी थोडे थांबून मूल मोठे झाल्यावर निघावे, आणि तरीही वाटेत मुक्काम करीत, वरचेवर थांबून त्याला बाहेर काढीत यावे.

स्वतःची मोटार नसणाऱ्यांचे हाल अधिक. रिक्षात आसन बांधण्याची सोयच नाही. भाड्याच्या टॅक्सीत पट्टा असतो, पण त्याचे बक्कल सीट कव्हरखाली गाडलेले असते. ते बोटांनी चाचपून, कव्हर उलटे करून बाहेर काढेपर्यंत मागून हॉर्न सुरू होतात. ‘मॅडम, बेबीला मांडीवर घ्या ना’ असे ड्रायव्हर कन्नड, हिंदी अशा मिश्र भाषेत सुचवतो, आणि त्याचाही नाइलाज असतो. मोटारीत बसवायचा वेगळा तळ न लागता केवळ पट्ट्याने बांधता येणारे मुठीचे आसन अशा वेळी उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र आपल्या रीतीला न मानवणारी आहे. घरातला पाळणा तीन पिढ्या झोके देतो, मावसबहिणीची झबली धुऊन दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढतात, पण कार सीटचे तसे नाही. उन्हात उभ्या मोटारीत तिचे प्लास्टिक वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते, म्हणून तिच्या पाठीवर किंवा तळाशी बनावटीची तारीख आणि मुदत कोरलेली असते. आणि एकदा अपघातातून गेलेले आसन वरून धडधाकट दिसले तरी निकामी समजावे लागते. नात्यातून आलेल्या आसनाचा पूर्ववृत्तांत सांगणारे कोणी असेल तर ते जरूर घ्यावे, नसेल तर परत करावे. मुदत संपलेले आसन भंगारवाल्याला देताना मात्र त्याचे पट्टे आधी कात्रीने कापून टाकावेत, नाहीतर ते पुसून पुन्हा कोणाच्या तरी मुलासाठी विकले जाते.