फाईल पुसली की नुसती हलली?

टर्मिनलवर कमांड टाइप करून फाइली हलवणे माऊसपेक्षा झटपट होते. चूकही तितक्याच झटपट होते, आणि लिनक्स त्यावर चकार शब्द काढत नाही. काम फत्ते झाले तरी गप्प, भलतीकडे गेले तरी गप्प. त्यामुळे फाईल दिसेनाशी झाली की ती फक्त हलली आहे, तिच्यावर दुसरी फाईल लिहिली गेली आहे की ती पुसलीच गेली आहे, हे आधी ठरवावे लागते.

सर्वांत जास्त गोंधळ ‘एमव्ही’ या कमांडचा. हलवणे आणि नाव बदलणे ही दोन्ही कामे ती एकटीच करते. ‘जून’ नावाचा फोल्डर आहे असे समजून एखादे पत्रक तिकडे पाठवले आणि तो फोल्डरच नसला, तर पत्रकाचेच नाव ‘जून’ होते. शेवटचे ‘डॉट ओडीटी’ही जाते, म्हणून डबल क्लिक केल्यावर ते धड उघडेलच असे नाही. फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिलेली असेल तर ही चूक टळते, कारण फोल्डर नसल्यास कमांड तक्रार करून थांबते. तारांकन वापरून सगळ्या फाइली उचलल्या आणि कुठे न्यायच्या ते लिहायचे राहिले, तर प्रकार आणखी विचित्र होतो. यादीतले शेवटचे नाव फोल्डरचे असेल, तर बाकीचे सगळे त्यात जाऊन बसते. दोनच फाइली असतील, तर पहिली दुसरीला गिळते.

शोधाची सुरुवात ‘हिस्ट्री’पासून करावी. आधी दिलेल्या कमांड तिथे जशाच्या तशा दिसतात आणि निम्मी प्रकरणे तेवढ्यावरच उलगडतात. नावाच्या सुरुवातीला चुकून टिंब लागले असेल तर फाईल लपते. ती ‘एलएस’ला ‘-ए’ जोडल्यावर दिसते. एवढ्याने भागले नाही तर ‘फाइंड’ वापरायचे. इथे एक बारकावा आहे. हलवलेल्या फाइलीचा मजकूर बदललेला नसतो, म्हणून तिची ‘शेवटचा बदल’ ही वेळ जुनीच राहते. नाव किंवा जागा बदलल्याची वेगळी नोंद मात्र सहसा होते. त्यामुळे गेल्या तासाभरात हललेली फाईल ‘-एममिन’ने नव्हे, ‘-सीमिन’ने सापडते.

मराठी फाइलींची अडचण याहून वेगळी आहे. तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतच्या देगलूरसारख्या गावी डीटीपीच्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि प्रश्नपत्रिका साठलेल्या असतात. ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी, संगणकाच्या लेखी मात्र वेगळी. अशा वेळी नावाचा निर्धोक तुकडा, म्हणजे ‘सत्रा’, दोन तारांकनांच्या मध्ये घालून शोधावा. मजकुरावरून शोधणारी ‘ग्रेप’ ही कमांडही इथे फसते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो, आणि ओडीटी किंवा डॉकएक्स फाइलीतला मजकूर दाबून बंद केलेला असतो. त्यात ‘देगलूर’ शंभरदा आले असले तरी ‘ग्रेप’ला ते एकदाही दिसत नाही. अशा फाइलींसाठी वेळेवरून केलेला शोधच खात्रीचा.

एका फाइलीवर दुसरी लिहिली गेली असेल तर आशा थोडी असते. जुनी प्रत बॅकअपमध्ये, ईमेलला जोडलेली किंवा लिबरऑफिसच्या बॅकअप फोल्डरमध्ये मिळाली तर मिळाली.

पुसलेल्या फाइलीचे तसे नाही. ‘आरएम’ आणि विंडोजमधली ‘डेल’ या दोन्ही कमांड कचरापेटीला वळसा घालून जातात. पण मजकूर लगेच खरवडला जात नाही, ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. 1991 साली आलेल्या एमएस-डॉस 5 मध्ये ‘अनडिलीट’ याच आधारावर चाले. पुसताना नावाचे पहिले अक्षर मोडले जाई, म्हणून परत आणताना ते अक्षर विचारले जाई. आज हे काम ‘फोटोरेक’ करते. ते फाइलीचा प्रकार तिच्या मजकुराच्या ठेवणीवरून ओळखते, त्यामुळे फाइली मिळाल्या तरी मूळ नावे मिळत नाहीत. पुसल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवर काहीही लिहिणे थांबवावे, संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करावा आणि सापडलेले दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. फाइली परत मिळवणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणे हा शुद्ध आततायीपणा. एसएसडीवर ‘ट्रिम’ चालू असेल तर मोकळी झालेली जागा लवकरच खरोखर रिकामी होते, आणि मग कुठलेच साधन कामाला येत नाही.

या चुका नवख्यांपुरत्या नाहीत. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने दुसराच सर्व्हर समजून एका सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. प्रत्यक्षात तो चालू, खराखुरा सर्व्हर होता. कमांड थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या योजना अनेक होत्या. ऐन वेळी त्या चालत नसल्याचे उघड झाले. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने कंपनीला वाचवले. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेलाच.

‘एमव्ही’ला ‘-आय’ जोडले तर जुन्या फाइलीवर लिहिण्याआधी ती विचारते, ‘-एन’ जोडले तर लिहीतच नाही. विंडोजची ‘मूव्ह’ कमांड प्रॉम्प्टवर आपण होऊन विचारते, पण बॅच फाइलीतून चालवली तर विचारत नाही. लिनक्समध्ये ही विचारणा कायम हवी असेल तर ‘एलियास’ची एक ओळ सेटिंगच्या फाइलीत ज्याची त्याने लिहून ठेवावी लागते.