लॅपटॉप कुणाच्या नावावर? ऑफिसमधल्या मशीनचा हिशेब

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा भांडी घासताना ज्यांनी हा भाग ऐकला, त्यांना पुढचं माहीत आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे शंभरेक 'बेसिकली' काढून टाकलेत.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. पहिली नोकरी सोडली तेव्हाची गोष्ट. ऑफिस हिंजवडीत. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर, माऊस सगळं आयटीच्या दादांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते फोनवर होते. "ठेव रे, बघतो मी," म्हणाले. मी ठेवलं, केक खाल्ला, घरी आलो. दीड महिन्यानं एचआरचा मेल: तुमचं फुल अँड फायनल थांबवलंय, कारण सिस्टीममध्ये तुमच्या नावावर एक लॅपटॉप दिसतोय. माझ्याकडे ना पावती, ना मेल, ना फोटो. शेवटचा पगार अडकला आणि वर चोरीचा वास! पंधरा दिवसांनी लॅपटॉप सापडला. हरवला नव्हताच. माझ्यानंतर आलेल्या मुलीला तोच दिला होता, ती रोज त्यावर काम करत होती. फक्त एक्सेलमधली एक ओळ बदलायची राहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, एका ओळीचं काय एवढं? म्हणून एक मोठी गोष्ट सांगतो. ही अमेरिकेतली आहे आणि तिथल्या सरकारी आदेशांमध्ये नोंदलेली आहे.

मॉर्गन स्टॅन्ली हे नाव ऐकलं असेल. श्रीमंत लोकांचे पैसे सांभाळणारी, गुंतवणारी प्रचंड मोठी कंपनी. २०१६ मध्ये त्यांनी आपली दोन डेटा सेंटर बंद करायला घेतली. हजारो हार्ड ड्राइव्ह आणि सर्व्हर हलवायचे होते. काम कुणाला दिलं? सामान हलवणाऱ्या एका कंपनीला, जिला डेटा पुसण्याचा काहीच अनुभव नव्हता. त्या कंपनीनं ती यंत्रं पुढे विकली आणि त्यातली काही ऑनलाइन लिलावाच्या साइटवर पोचली, ग्राहकांच्या माहितीसकट.

कंपनीला हे कळलं कसं, ते ऐका. २०१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या एका आयटी सल्लागारानं इंटरनेटवरून जुन्या हार्ड ड्राइव्ह विकत घेतल्या. जोडून बघतो तर आत मॉर्गन स्टॅन्लीचा डेटा! त्यानंच कंपनीला ईमेल करून कळवलं. म्हणजे कुठली वस्तू घराबाहेर गेलीय, हे घरमालकाला जुना बाजार करणाऱ्यानं सांगितलं.

बरं, एवढ्यावर संपलं नाही. पुढे शाखांमधले जुने सर्व्हर बदलताना मेळ घातला, तर ४२ सर्व्हरचा पत्ताच लागेना. त्या यंत्रांमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवता आला असता. पण ती सोय अनेक वर्षं कुणी चालूच केली नव्हती. या सगळ्या प्रकरणात सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता. २०२० मध्ये बँकांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी कार्यालयानं ६ कोटी डॉलरचा दंड केला. २०२२ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकानं आणखी साडेतीन कोटी डॉलर.

यात हॅकर कुठेच नाही. कुणी पासवर्ड फोडला नाही, लिंकवर क्लिक केलं नाही. नोंद ठेवली नाही, एवढंच.

मला वाटतं गडबड इथे होते: आपण वस्तूची नोंद तिच्या किमतीवरून ठेवतो. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. ६०,००० चा लॅपटॉप पहिल्या वर्षानंतर ३६,०००, मग २१,६००, मग १२,९६० आणि चौथ्या वर्षानंतर ७,७७६ रुपये. अकाउंट्सच्या नजरेत तो जवळजवळ भंगार. पण त्याच चार वर्षांत त्यात पगारपत्रकं, ग्राहकांचे पॅन नंबर, सेव्ह केलेले पासवर्ड साठत गेलेले असतात. किंमत खाली जाते आणि जोखीम वर जाते. म्हणून खरेदीच्या दिवशी सगळे जागे असतात आणि निरोपाच्या दिवशी कुणीच नाही.

गंमत म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हे ज्ञान आधीपासून आहे. आठवा, बाकाच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ऑइलपेंटनं एक नंबर रंगवलेला असायचा. तो जडवस्तू संग्रह नोंदवहीतला नंबर, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. मोडकी खुर्चीसुद्धा मनाला आलं म्हणून फेकता येत नाही. तिचं रीतसर निर्लेखन करावं लागतं, कागदावर सही होते, मगच ती वहीतून बाहेर पडते. आपण या कारभाराला हसतो. पण वस्तूच्या शेवटाची नोंद ही कल्पना त्यात आहे, जी बऱ्याच चकचकीत ऑफिसांमधल्या शीटमध्ये नसते. फरक एवढाच की खुर्चीत डेटा नसतो आणि ती बॅगेत घालून घरी नेता येत नाही.

आता वीस-पंचवीस माणसांच्या संस्थेत हे कसं करायचं? सुरुवातीला एक शीट पुरते. प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर द्या, स्टिकर चिकटवा, शेजारी कंपनीचा सिरियल नंबर लिहा, कारण स्टिकर निघतात. नंबरमध्ये माणसाचं नाव किंवा मजला घालू नका. माणूस सोडून जातो, ऑफिस बदलतं आणि मग 'तिसरा मजला ०४' तळमजल्यावर सापडतो. बाद झालेल्या यंत्राचा नंबर दुसऱ्याला कधीच देऊ नका. ऑफिसचे मोबाइल असतील तर *#०६# डायल केल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय टिपून ठेवा. दोन सिमच्या फोनला तो दोन असतो, दोन्ही लिहा. फोन हरवला तर संचार साथीवर ब्लॉक करताना तोच लागतो, आणि तेव्हा खोका शोधत बसावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'स्थिती'चा: वापरात, कपाटात, दुरुस्तीला, हरवलं, बाद. आणि यंत्र हातातून हातात गेलं की त्याच दिवशी ओळ बदलायची. माझा लॅपटॉप इथेच अडकला होता.

मोजणी करताना एक युक्ती. बहुतेक जण यादी हातात घेऊन यंत्रं शोधतात. त्यानं हरवलेलं कळतं. पण उलटही करा: समोर दिसेल ते यंत्र उचला आणि यादीत शोधा. मग कळतं की टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर तीन वर्षं चालूच आहे, यादीत नाही आणि म्हणून त्याला एकही अपडेट मिळालेलं नाही. सुरक्षेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सीआयएस कंट्रोल्सच्या यादीत पहिला क्रमांक यंत्रांच्या नोंदीचा आहे आणि दुसरा सॉफ्टवेअरच्या नोंदीचा. अँटिव्हायरस बराच खाली येतो.

यंत्रं शंभरावर गेली की शीट दमते. मग स्नाइप-आयटीसारखं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघा. क्यूआर कोड स्कॅन करून यंत्र देता-घेता येतं. पण ओळ बदलायची सवय नसेल तर सॉफ्टवेअरही तेवढंच खोटं बोलतं.

आणि बाद करताना? फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे डेटा गेला असं नाही. नुसतं पटकन फॉरमॅट मारूनही तो बऱ्याचदा परत काढता येतो. म्हणून डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट करा, देताना नीट पुसा, नोंदणीकृत ई-कचरा संस्थेलाच द्या आणि सिरियल नंबर लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. '४० नग मिळाले' एवढ्या पावतीचा उपयोग नाही. कुठले ४०?

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता: "मी तर नुसता कर्मचारी, मी काय करू?" नोकरी सोडताना लॅपटॉपचा, सिरियल नंबरच्या स्टिकरचा आणि चार्जरचा फोटो काढा. आयटीला आणि एचआरला एकाच मेलमध्ये पाठवा: अमुक नंबरचा लॅपटॉप आज इतक्या वाजता यांच्याकडे जमा केला, कृपया पोच द्यावी. हा मेल तुमच्या खासगी ईमेललाही सीसी करा, कारण संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो. आणि पोच येईपर्यंत केक कापू नका.