गट नंबर, चुकलेली हद्द आणि उशिराचे कारण

आपल्यापैकी बऱ्याच घरांचा गावाकडे एखादा जमिनीचा तुकडा असतो. तो कसायचा कोणी, हा विषय दिवाळीच्या फोनवर निघतो आणि तिथेच राहतो. मग एक दिवस चुलतभाऊ कळवतो, "एकत्रीकरणात आपले वीस गुंठे शेजारच्या गटात गेलेत." चूक तीस-चाळीस वर्षांपूर्वीची. मंडळाच्या सभासदांत हा विषय वरचेवर निघतो, म्हणून चार शब्द.

एकत्रीकरण म्हणजे १९४७ च्या मुंबई तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली विखुरलेल्या तुकड्यांची अदलाबदल करून पाडलेले गट. जुने सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. त्या धामधुमीत कुठे क्षेत्र कमी लागले, कुठे नकाशा एक सांगतो आणि सातबारा दुसरेच. नुसती लिहिण्याची किंवा बेरजेची चूक असेल तर कलम ३१-अ आहे. योजनेतच बदल हवा असेल तर कलम ३२. गंमत अशी, की ३२ मध्ये मुदत लिहिलेलीच नाही. म्हणून लोक समजतात, केव्हाही अर्ज करावा. तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे, की मुदत नसली तरी हा अधिकार वाजवी काळातच वापरायचा. साधारण तीन वर्षांचे माप त्यात येते. आम्हाला हे फारसे कठोर वाटत नाही. एवढ्या वर्षांत शेजाऱ्याने विहीर खणली, सोसायटीचे कर्ज काढले, मुलांत वाटण्या केल्या. त्याने कुठे जावे?

अपिलाचे गणित निराळे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे कलेक्टर किंवा भूमी अभिलेख अधीक्षक यांच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवसांत अपील करायचे, इतर बाबतींत ९० दिवसांत. नकला मिळवण्यात गेलेले दिवस धरत नाहीत. त्याहून उशीर झाला तर कलम २५१ खाली "पुरेसे कारण" दाखवावे लागते.

पुरेसे म्हणजे केवढे? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८३ दिवसांचा उशीर माफ केला. दिवस किती यापेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का, हे पाहायचे. पण २०१० मध्ये त्याच न्यायालयाने ७७८ दिवसांचा उशीर माफ केला नाही, कारण खुलाशात दमच नव्हता.

तेव्हा "आम्ही परदेशात होतो" एवढ्या वाक्यावर भिस्त ठेवू नये. आदेश कोणत्या तारखेला कळला, कोणी कळवला, नकलेचा अर्ज केव्हा केला, वकिलाला कागद केव्हा पाठवले, हे तारीखवार लिहावे आणि प्रत्येकाला पुरावा जोडावा: भावाचे पत्र, टपालाची पावती, आजारपण असल्यास डॉक्टरचा दाखला. कळल्यापासून अर्जापर्यंतचा काळ रिकामा दिसला की समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. शिवाय सातबारा आता इंटरनेटवर घरबसल्या दिसतो. "माहीतच नव्हते" म्हणणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

गावी जाणे जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करावे लागते. इथे केलेले पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथला मुद्रांक भरून घ्यावा. पत्र पोचल्याची तारीख लिहून ठेवायला भावाला सांगा, आणि लिफाफाही टाकू देऊ नका.