वजनावर उभा राहिलेला पूल

दोस्तांनो, एक कोडं घालते. दगड जड असतो, आधार काढला की खाली पडतो. मग शेकडो दगड नदीच्या वर, पाण्यात एकही खांब नसताना, चारशेपेक्षा जास्त वर्षं कसे काय टिकून राहिले?

ते बघायला आपल्याला युरोपात, बोस्निया आणि हर्झेगोव्हिना या देशात जावं लागेल. तिथल्या मोस्तार शहरातून नेरेत्वा नावाची नदी वाहते. पाणी हिरवंगार आणि उन्हाळ्यातसुद्धा गार! तिच्यावर एकाच कमानीचा दगडी पूल आहे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 29 मीटर. तो बांधला तेव्हा तिथे तुर्कांचं उस्मानी साम्राज्य होतं. सुलतान सुलेमान यांच्या हुकमावरून हैरुद्दीन नावाच्या वास्तुकाराने हा पूल बांधला आणि 1566 साली तो पुरा झाला.

पुढे 1664 मध्ये इस्तंबूलचा एक भटक्या इथे आला. त्याचं नाव एव्लिया चेलेबी. हा माणूस सुमारे चाळीस वर्षं फिरत होता, आणि जे पाहिलं ते लिहीत होता. त्याचं प्रवासवर्णन दहा खंडांचं आहे! मोस्तारच्या पुलाला त्याने इंद्रधनुष्याची उपमा दिली.

गंमत म्हणजे, आपल्या काळातले एक ब्रिटिश प्रवासलेखक तारिक हुसेन याच एव्लियाच्या वाटेने निघाले, तेही बायको आणि दोन मुलींना बरोबर घेऊन. त्यांना युरोपातला मुस्लिम वारसा पाहायचा होता. त्या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक 2021 मध्ये आलं. युरोप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चर्च आणि राजवाडे येतात. पण बोस्नियाच्या डोंगराळ भागात शेकडो वर्षांच्या मशिदी, हमामखाने, बाजारपेठा आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे मुस्लिम लोकही आहेत. हे आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही. यायला हवं, असं मला फार वाटतं.

आता कोड्याकडे वळू. दगडाला दाबलं तर तो भरपूर सहन करतो, पण ताणलं की पटकन तडकतो. दोन काठांवर एक लांबच लांब सरळ दगड ठेवलात तर स्वतःच्याच भाराने त्याची खालची बाजू ताणली जाईल आणि तो मोडेल. कमानीत मात्र प्रत्येक दगड पाचरीसारखा कापलेला असतो, वर रुंद, खाली थोडा निमुळता. तो खाली घसरू पाहतो आणि शेजारच्या दोन दगडांमध्ये आणखी घट्ट बसतो. शेजारचे पुढच्यांना रेटतात, आणि असा सगळा भार काठांपर्यंत पोचतो. म्हणजे दगडाला ताण नाही, नुसता दाब!

हे अंगाने अनुभवायचं असेल तर मैत्रिणीसमोर उभ्या राहा. तळव्यांना तळवे लावा आणि दोघीही पाय थोडे मागे घ्या. आता तुम्हीच कमान झालात. पाय बाहेर घसरू लागतात ना? म्हणून काठ भक्कम लागतात.

हैरुद्दीनच्या कारागिरांनी आणखी एक युक्ती केली होती. दगड एकमेकांना लोखंडी अडकवणींनी जोडले आणि भोकांत वितळलेलं शिसं ओतलं. शिसं मऊ, त्यामुळे फटी नीट भरल्या आणि लोखंडाला पाणीही लागलं नाही.

एवढा चिवट पूल, पण बोस्नियातल्या युद्धापुढे टिकला नाही. 9 नोव्हेंबर 1993 रोजी तोफगोळ्यांच्या माऱ्याने तो नदीत कोसळला. कमानीचं बळ दाबात असतं, गोळ्यांचे हादरे सोसण्यात नाही. नंतर अनेक देशांनी मदत केली. जवळच्या खाणीतला तसाच फिकट चुनखडक आणून कारागिरांनी दगड घडवले, लोखंड आणि शिशाची जुनीच रीत वापरली. 23 जुलै 2004 रोजी पूल पुन्हा खुला झाला, आणि 2005 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं.

या पुलावरून नदीत उडी मारायची तिथे फार जुनी परंपरा आहे. उंची 20 मीटरपेक्षा जास्त! पाण्याला टेकायला साधारण दोन सेकंद लागतात, आणि तेव्हा वेग तासाला 70 किलोमीटरच्या वर गेलेला असतो. उडी मारणारे त्यासाठी खूप सराव करतात. तुम्ही मात्र असलं काही करू नका हं.

त्यापेक्षा कमान बांधा. शाडूच्या मातीच्या जाडसर पाचरी करा आणि वाळवा. एक गोल डबा आडवा ठेवा. दोन्ही बाजूंना डब्याच्या निम्म्या उंचीइतके पुस्तकांचे गठ्ठे लावा आणि त्यांवरून सुरुवात करून डब्यावर पाचरी एकमेकींना खेटून रचा. कमानीची टोकं बाहेर सरकू नयेत म्हणून दोन्हीकडे विटा टेकवा. मग डबा हळूच ओढून काढा. पहिल्यांदा कोसळली तर कोणती पाचर सैल होती ते शोधा आणि पुन्हा रचा. उभी राहिली की तिचं चित्र काढून आम्हाला नक्की पाठवा!