गुच्छिकारोधी औषधे व पुनर्प्रवाह क्षती

स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या गुच्छिकांत (तंत्रिका कोशिकांच्या पुंजक्यांत) ॲसिटिलकोलिनाची क्रिया रोखून आवेगांचे संक्रमण थांबविणाऱ्या औषधांना गुच्छिकारोधी औषधे म्हणतात. हेक्झॅमिथोनियम हे त्यांपैकी प्रमुख होय. पेटन व झाइमिस यांनी १९४८ मध्ये त्याची क्रिया वर्णिली व पुढे तीव्र अतिरक्तदाबावर ते वापरात आले. अनुकंपी तंत्रिकांचा प्रभाव हटल्याने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व रक्तदाब उतरतो. परंतु परानुकंपी गुच्छिकाही रोधल्या जात असल्याने बद्धकोष्ठ, मूत्रावरोध व अंधुक दृष्टी, तर उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ, असे त्रास होत. अधिक सुसह्य औषधे मिळताच ते मागे पडले.

प्रयोगशाळेत मात्र त्याचा उपयोग टिकून राहिला. रोहिणी तुंबून अरक्त झालेले ऊतक वाचविण्यास रक्तप्रवाह पूर्ववत होणे अवश्य असते. तथापि त्याच वेळी ऑक्सिजनाचे मुक्त मूलक, कोशिकांत साचणारे कॅल्शियम व शोथ यांमुळे नवी इजा होते. हीच पुनर्प्रवाह क्षती होय. उंदरांच्या आंत्ररोहिणीतील प्रवाह अल्पकाळ थांबवून पुन्हा सुरू केल्यास नंतरच्या अरक्ततेत हृद्‌स्नायूची हानी घटते. हेक्झॅमिथोनियम दिल्यास हे संरक्षण नाहीसे होते, असे १९९६ मध्ये आढळले. यावरून संरक्षणाचा संदेश पोहोचण्यात तंत्रिकामार्गाचा वाटा असतो, असे अनुमान निघाले. रुग्णांच्या दंडावरील पट्टा आलटून पालटून आवळून व सोडून हाच परिणाम साधण्याच्या मोठ्या चाचण्यांत (२०१५, २०१९) मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात बंद रोहिणी शक्य तितक्या लवकर उघडणे, हाच मुख्य उपाय राहिला आहे.