घरपट्टीतून उजळलेलं ब्लॅकपूल

इंग्लंडच्या वायव्येला, आयरिश समुद्राच्या काठी ब्लॅकपूल वसलं आहे. मँचेस्टरहून रेल्वेने सव्वा-दीड तासाची वाट. किनारा लांबलचक आणि सपाट, वारा बोचरा, उन्हाचा भरवसा नाही. डोंगर नाही, किल्ला नाही, नाव घ्यावं असं जुनं चर्चही नाही. तरीही पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अठ्ठावन्न हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात वर्षाकाठी जवळपास 40 लाख माणसं येत होती. समुद्र तर इंग्लंडला चहूबाजूंनी आहे. माणसं इथेच का लोटली, हे कळायला इथल्या नगरपालिकेचा कारभार पाहावा लागतो.

त्या काळी इंग्लंडातल्या नगरपालिकांना कराचा पैसा जाहिरातीवर खर्च करता येत नसे. रस्ते, गटारं, पाणी, दिवाबत्ती एवढंच त्यांचं काम. ब्लॅकपूलने 1879 मध्ये पार्लमेंटकडून स्वतःसाठी सुधारणा कायदा मंजूर करून घेतला आणि त्यात एक कलम घालून घेतलं: मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे दोन पेन्सपर्यंत कर बसवून त्या पैशातून बँडचं वादन आणि गावाची जाहिरात करता येईल. पुढे इतर गावांनी हीच मुभा मागितली, पण सरकारने हात आखडता घेतला. बाकीच्या समुद्रकाठच्या गावांना 1921 च्या कायद्याने ती मिळाली, तीही मर्यादित. तोवर ब्लॅकपूल चाळीस वर्षं पुढे निघून गेलं होतं. लँकेशायर-यॉर्कशायरच्या रेल्वे स्थानकांवर ब्लॅकपूलची रंगीत पोस्टरं लागत होती आणि त्यांचा खर्च गावातला खाटीक, खानावळवाली, छत्रीवाला आपल्या करातून भरत होता. माझ्या मते या गावाची खरी कर्तबगारी हीच. पाहुणा आला तर सगळ्यांचंच पोट भरतं, हे ओळखून गावाने त्याचा खर्च सगळ्यांवर वाटून टाकला.

1879 च्याच सप्टेंबरात नगरपालिकेने समुद्रकाठच्या रस्त्यावर विजेचे आठ प्रखर दिवे लावले. घराघरांत अजून गॅसचे दिवे होते. ही ‘कृत्रिम सूर्यप्रकाशा’ची नवलाई पाहायला लोक अक्षरशः लोटले. सहा वर्षांनी, 1885 मध्ये, त्याच रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली. 1894 मध्ये टॉवर उभा राहिला. गावचे महापौर जॉन बिकरस्टाफ यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल टॉवर पाहिला आणि आपल्या गावालाही असं काही हवं, हा ध्यास घेतला. 518 फुटांचा हा पोलादी मनोरा खाजगी कंपनीचा, पण जाहिरात झाली ती गावाची. सपाट मुलखात तो मैलोन् मैल दिसे. गाडी ब्लॅकपूलच्या जवळ येऊ लागली की टॉवर आधी कोणाला दिसतो याची पोरांमध्ये चढाओढ लागे.

ही पोरं गिरणी कामगारांची. लँकेशायरच्या प्रत्येक गिरणीगावाचा वर्षातून एक सुटीचा आठवडा असे. त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. मूळ चर्चच्या जत्रेचा सण, पुढे गिरण्या बंद ठेवून बॉयलर साफ करण्याचा आठवडा झाला. या आठवड्यात गावचं गाव रिकामं होऊन समुद्राकडे निघे, आपल्या गिरणगावातली खोली गणपतीला कोकणात रिकामी व्हायची तशीच. सुटी बिनपगारी होती. म्हणून कामगार वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे बचत मंडळात टाकत आणि तो सगळा पैसा या एका आठवड्यात खर्च होई. गावागणिक आठवडा वेगळा असल्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर एकामागून एक गावं येत राहत.

उतरायची सोय स्टेशनमागच्या गल्ल्यांतल्या लहान घरांत. भाडं बिछान्याचं. जेवणाचं सामान पाहुण्याने स्वतः बाजारातून आणायचं आणि घरमालकिणीकडे द्यायचं. ती प्रत्येक कुटुंबाचं मटण, बटाटे, अंडी वेगळी ठेवून वेगळी शिजवून द्यायची. कुठे कुठे टेबलावरच्या मीठ-मिरपुडीच्या डब्यांचाही आकार बिलात लागे. वर्षानुवर्षं तीच कुटुंबं त्याच घरी उतरत. या बायकांनी जोडून ठेवलेली माणसं कुठल्याही पोस्टराने आणली नसती.

पाहुण्यांच्या खिशातला हा पैसा आला कुठून, हे मराठी वाचकाने जरूर लक्षात घ्यावं. लँकेशायरचं ब्लॅकबर्न हे गाव भारतासाठी धोतरं विणण्यासाठी प्रसिद्ध होतं. पुण्यात 1905 साली आणि मुंबईत परळला 1921 साली विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, तो रोख याच मागांच्या मालावर होता. म्हणजे ब्लॅकपूलच्या वाळूवर आठवडाभर बसलेल्या विणकराच्या खिशातले काही शिलिंग आपल्या आजोबा-पणजोबांनी धोतरजोडीला मोजलेल्या पैशातून आलेले होते.

हंगाम सप्टेंबरात संपे. तो लांबवावा कसा, हा नगरपालिकेला पडलेला घोर. 1909 च्या ऑक्टोबरात तिने विमानांचा मेळा भरवला. ब्रिटनमधला अधिकृत मान्यतेचा तो पहिलाच. भर वादळी वाऱ्यात ह्युबर्ट लॅथम या फ्रेंच वैमानिकाने उड्डाण केलं आणि पाहणाऱ्यांचा श्वास रोखला गेला. पण विमानं रोज आणता येत नाहीत. पक्का उपाय 1912 मध्ये सापडला. मे महिन्यात राजकन्या लुईझ समुद्रकाठच्या नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला आल्या, तेव्हा नगरपालिकेने तिथे सुमारे दहा हजार दिव्यांची आरास केली. ती लोकांना इतकी आवडली की दुकानदारांनी सप्टेंबरात पुन्हा करण्याचा आग्रह धरला. दिवस लहान होत जाणं ही आजवर धंद्याची अडचण होती. दिव्यांच्या आराशीला मात्र लवकर पडणारा अंधारच हवा होता. शरदातली जी थंड, काळोखी संध्याकाळ पाहुण्यांना घरी बसवत असे, तीच आता विकायला काढता आली.

महायुद्धात आरास बंद पडली. युद्धानंतर नगरपालिकेने 1923 मध्ये थाटाचा कार्निव्हल करून पाहिला, पण पुढच्या वर्षी गर्दीचा धिंगाणा झाल्यावर तो नाद सोडून 1925 मध्ये पुन्हा दिव्यांकडे वळली. त्या वर्षी दिव्यांनी मढवलेली गोंडोलाच्या आकाराची ट्राम रस्त्यावर आली, पुढच्या वर्षी जीवरक्षक नौकेच्या आकाराची. जाहिरात आता रुळांवरून फिरत होती.

आजही दक्षिणेला स्टार गेटपासून उत्तरेला बिस्पमपर्यंत, सुमारे दहा किलोमीटर, ही आरास उन्हाळा सरताना लागते आणि अलीकडे नववर्षाच्या सुरुवातीपर्यंत राहते. पाहायला तिकीट नाही; वाटेत देणगीच्या पेट्या ठेवलेल्या असतात. पाहायची तर स्टार गेटला चढून ट्रामने पाहावी. दिवसा हाताशी वेळ असेल तर टॉवरच्या तळाशी असलेलं नृत्यदालन चुकवू नये. रंगवलेलं छत, सोनेरी नक्षी, मोठी झुंबरं असा सगळा थाट फ्रँक मॅचम या वास्तुविशारदाने 1899 मध्ये उभा केला. आठवडाभर कापसाच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या बायका आणि पुरुष काही पेन्स देऊन इथे नाचायला येत. राजवाड्यात लावावी तेवढी नक्षी त्यांच्यासाठी लावली आहे, त्यात कुठेही काटकसर दिसत नाही.